वीजदर सवलत मिळूनही साध्या यंत्रमागाचा हिशेब जुळत नाही. सरकारची मदत नेमकी कोणाच्या पदरात पडते?

खर्चीवाला (इचलकरंजी) – प्रश्न

नमस्कार. माझा चोवीस साध्या मागांचा कारखाना आहे आणि गेली अठरा वर्षे मी खर्चीवाला म्हणूनच काम करतो. म्हणजे व्यापाऱ्याकडून बीम (ताण्याचे उभे सूत गुंडाळलेला रूळ) आणि बाण्याचे, म्हणजे आडवे, सूत घ्यायचे, कापड विणून द्यायचे आणि पिकावर, म्हणजे कापडाच्या एका इंचात बसणाऱ्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर, ठरलेली मजुरी घ्यायची. सूत माझे नाही आणि कापडही माझे नाही. माझे आहे ते विजेचे बिल, कामगारांचा पगार, जागेचे भाडे आणि शटलपासून पिकरपर्यंत रोज काहीतरी मोडणारे सामान.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने यंत्रमागांसाठी अतिरिक्त वीजदर सवलत मंजूर केली. २७ अश्वशक्तीपेक्षा कमी जोडभार (वीजजोडणीवरील यंत्रांची एकूण क्षमता) असलेल्यांना युनिटमागे १ रुपया आणि त्याहून जास्त, पण २०१ अश्वशक्तीच्या आत असलेल्यांना ७५ पैसे, असा तो निर्णय होता. माझा जोडभार २७ च्या आत आहे आणि महिन्याला साधारण ८,००० युनिट वीज लागते, म्हणजे कागदावर मला ८,००० रुपयांचा दिलासा मिळाला. त्याच सुमारास व्यापाऱ्याने बाजार मंद असल्याचे सांगून पिकामागची मजुरी सहा पैशांवरून साडेपाच पैशांवर आणली. आमच्याकडे ५२ पिकाचे कापड चालते. अर्धा पैसा गुणिले ५२ म्हणजे मीटरमागे २६ पैसे, आणि महिन्याला सुमारे ५०,००० मीटर कापड निघते, म्हणजे १३,००० रुपये गेले. सवलत आठ हजारांची आणि मजुरीतली घट तेरा हजारांची. हा हिशेब मी बिलाच्या मागच्या बाजूला तीनदा करून पाहिला आणि तिन्ही वेळा उत्तर तेच आले.

हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. मला समजून घ्यायचे आहे ते असे की, वीज सवलतीखेरीज माझ्यासारख्याला खरोखर लागू पडेल अशी कोणती तरतूद आहे का, आणि असल्यास ती व्यापाऱ्याशी संबंध न बिघडवता वापरता येते का? मजुरीचे पैसे हल्ली शंभर-एकशेवीस दिवसांनी येतात आणि कामगारांचा पगार मात्र दर आठवड्याला द्यावा लागतो. शिवाय माझ्याकडे आठ माणसे काम करतात, त्यांच्यासाठी एखादी योजना असेल तर तीही जाणकारांनी सांगावी.

हिशेबनीस (कोल्हापूर)

आपला हिशेब बरोबर आहे आणि तो बहुतेक खर्चीवाल्यांना लागू पडतो. वीज सवलत देणे सरकारला सोपे जाते, कारण मीटर मोजता येतो, बिलात वजावट दाखवता येते आणि महावितरणला अनुदान वर्ग करता येते. मजुरीचा दर मात्र दोन माणसांत बोलून ठरतो आणि तो कोणत्याही सरकारी नोंदीत येत नाही. त्यामुळे ज्याच्या हातात दर ठरवण्याची ताकद आहे तो सवलतीचा काही भाग आपल्याकडे ओढून घेतो, आणि त्यासाठी त्याला काही गैर करावे लागत नाही; बाजार मंद असला की पुरेसे होते.

सवलतीबाबत आधी एक सावधगिरीची सूचना. वस्त्रोद्योग विभागाकडील नोंदणी अद्ययावत आहे ना, हे स्वतः तपासावे. २०२१ च्या अखेरीस ऑनलाइन नोंदणी न केल्याच्या कारणावरून २७ अश्वशक्तीवरील यंत्रमागांची सवलत थांबवण्यात आली होती आणि आंदोलनानंतर ती पूर्ववत झाली, तोपर्यंत अनेकांच्या हाती न पेलणारी बिले आली होती. आपला जोडभार कमी असला तरी कागद तयार असलेला बरा.

आता मुख्य मुद्दा. आपल्यासाठी खरी तरतूद वीज बिलात नसून थकलेल्या मजुरीत आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. हे कलम वर्षानुवर्षे कायद्यात पडून होते आणि कोणी फारसे विचारत नव्हते. पण २०२३ च्या अर्थसंकल्पात आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आले आणि १ एप्रिल २०२४ पासून सुरू होणाऱ्या आकारणी वर्षापासून ते लागू झाले. व्यापाऱ्याने मुदतीत पैसे दिले नाहीत आणि ३१ मार्चला ते बाकी राहिले, तर तेवढी रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून वजा मिळत नाही; ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळते. विवरणपत्र भरण्यापूर्वी पैसे दिले तर चालते, ही मुभा इतर काही देण्यांना आहे, पण या देण्याला नाही. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये व्यापाऱ्यांचे हिशेबनीस अचानक आपल्याला फोन करू लागतात.

यासाठी अट एकच आहे, ती म्हणजे आपली उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून केंद्राकडे होणारी नोंदणी) असली पाहिजे आणि ती व्यापाऱ्याला कळलेली असली पाहिजे. साडेपाच पैशांच्या दराने आपली वर्षाची मजुरी १७ लाखांच्या आसपास येते. आपण २० लाखांच्या आत असल्याने जीएसटी क्रमांक नसेल, तरी उद्यम नोंदणी करता येते, कारण ज्यांना जीएसटी कायद्याने नोंदणीच लागत नाही त्यांना तो क्रमांक मागितला जात नाही. नोंदणी आधार व पॅनवर होते, विनामूल्य होते, आणि त्यासाठी कोणत्याही मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. नोंदणी झाल्यावर प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापून घ्यावा आणि नोंदणीनंतरची बिलेच या तरतुदीत धरावीत. मी स्वतः पाहिलेल्या प्रकरणांत, केवळ बिलावर क्रमांक छापल्याने मार्चपूर्वीची थकबाकी निघाली आहे. मात्र एप्रिल ते जानेवारीच्या उशिरावर या कलमाचा फारसा धाक नाही, कारण वर्षअखेरीपूर्वी पैसे दिले की वजावट मिळतेच.

याच कायद्याखाली थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे तक्रार करण्याचा मार्गही आहे. परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो, आणि निकाल विरुद्ध गेल्यास व्यापाऱ्याला आव्हान देण्यापूर्वी ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते. पण तक्रार केल्यावर पुढचा बीम त्या पेढीवरून येत नाही, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. म्हणून हा मार्ग संबंध तुटल्यानंतरचा आहे, असे मी समजतो.

मागावरचा (इचलकरंजी)

मी कामगार आहे, सहा माग सांभाळतो, आणि या चर्चेत आमच्याबद्दल शेवटचे एकच वाक्य आले आहे म्हणून लिहितो.

मालकाची मजुरी पिकावर ठरते, तशी आमचीही पिकावर आणि मीटरवर ठरते. २०१३ च्या सुरुवातीला येथे मोठा संप झाला आणि त्यानंतर आमच्या मजुरीची वाढ महागाई निर्देशांकाशी जोडली गेली. तेव्हापासून दरवर्षी वाढीचा आकडा निघतो आणि दरवर्षी तो द्यायचा की नाही यावरून वाद होतो. खर्चीवाला म्हणतो की मला मजुरी वाढवून मिळाली नाही तर मी कोठून देऊ, आणि त्याचे म्हणणे खोटे नसते. पण महागाई आम्हालाही तीच आहे. वीज महाग झाली तर सरकार मागाला सवलत देते, मागापुढे बारा तास उभा राहणाऱ्या माणसाला तेल आणि गॅस महाग झाल्यावर काय मिळते, हे कोणी सांगत नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. कर्मचारी राज्य विमा दहा किंवा अधिक माणसांच्या कारखान्याला लागू होतो. खर्चीवालेसाहेबांकडे आठ माणसे आहेत, म्हणून ते बाहेर आहेत आणि त्यात त्यांची चूक नाही. परंतु गावात असे अनेक कारखाने आहेत जेथे एकाच छपराखाली अठ्ठेचाळीस माग चालतात, मधे कमरेएवढी भिंत असते, एक मीटर वडिलांच्या नावावर आणि दुसरा मुलाच्या नावावर असतो. त्याने दोन कामे एकदम साधतात. जोडभार २७ अश्वशक्तीच्या खाली राहतो आणि माणसेही दहाच्या खाली राहतात. सवलत देताना २७ ची रेषा ओढली तेव्हा छोट्याला जास्त मिळावे हा हेतू होता, आणि तो चांगला होता. पण त्या रेषेने मोठ्याला छोटे दिसण्याचे आणखी एक कारण दिले.

१२,००० रुपये पगारावर राज्य विम्याची वर्गणी कामगाराची ०.७५ टक्के म्हणजे ९० रुपये आणि मालकाची ३.२५ टक्के म्हणजे ३९० रुपये होते. ४८० रुपयांत संपूर्ण कुटुंबाचा दवाखाना आणि आजारपणातल्या रजेचा पगार मिळतो. काम सुटल्यास अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून अटी पूर्ण करणाऱ्याला ९० दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम मिळते. मंदीत माग बंद पडले की आम्हाला नेमकी याचीच गरज असते. वीज सवलत घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याने कामगारांची यादी द्यावी आणि त्यांचा विमा उतरवावा, अशी अट घातली तर सरकारचा जास्तीचा खर्च फार होणार नाही. यंत्रमाग कामगारांसाठी स्वतंत्र कल्याणकारी मंडळाची मागणी जुनी आहे; असंघटित कामगारांच्या नोंदणीचे ई-श्रम कार्ड आम्ही सगळ्यांनी काढले आहे आणि ते पाकिटात आहे.

पऱ्हाटी (यवतमाळ)

मी यंत्रमागातला नाही, कापूस पिकवणाऱ्या घरातला आहे. परंतु "वाढत्या खर्चात उद्योगाला दिलासा" हे शब्द आले की आमच्या गावात लोक सावध होतात, त्यामुळे दोन शब्द लिहिण्याची परवानगी असावी.

फेब्रुवारी २०२१ पासून कापसाच्या आयातीवर सर्व मिळून ११ टक्के शुल्क होते. २०२२ च्या उन्हाळ्यात रुईचा भाव ३५६ किलोच्या खंडीमागे एक लाखाच्या वर गेला, सूत गिरण्या आणि यंत्रमागवाले हवालदिल झाले, तेव्हा केंद्राने १४ एप्रिलपासून शुल्क माफ केले. त्या वेळी शेतकऱ्यांच्या घरात कापूस फारसा उरलेला नव्हता, म्हणून आमच्याकडे फार ओरड झाली नाही. २०२५ मध्ये मात्र अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क जाहीर केल्यानंतर कापड उद्योगाला दिलासा म्हणून १९ ऑगस्टपासून आयात शुल्क पुन्हा माफ झाले आणि ती माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. म्हणजे आमची पहिली वेचणी बाजारात येण्याच्या ऐन काळात परदेशी गाठी विनाशुल्क उतरत होत्या. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. तो मिळवायचा तर आधी अ‍ॅपवर नोंदणी करायची आणि कापसातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत ठेवायचा; ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो. ऑक्टोबरच्या पावसात भिजलेली बोंडे आठ टक्क्यांत कशी बसवायची, हे ज्याने नियम केला त्याने एकदा आमच्या अंगणात येऊन दाखवावे.

मला खर्चीवालेसाहेबांना विचारायचे आहे की, ती शुल्कमाफी झाल्यावर त्यांच्यापर्यंत काय पोहोचले? कारण आमच्याकडून जे गेले ते आम्हाला दिसले.

खर्चीवाला (इचलकरंजी)

प्रामाणिकपणे सांगायचे तर माझ्यापर्यंत काहीच पोहोचले नाही, कारण मी सूत विकत घेत नाही. सूत स्वस्त झाले तर व्यापाऱ्याचे भांडवल कमी अडकते, आणि त्याने जास्त बीम भरले तर मला काम जास्त मिळते, एवढाच काय तो दुरून संबंध. २०२२ मध्ये सूत महाग झाले तेव्हा मात्र व्यापाऱ्यांनी बीम भरणेच कमी केले आणि माझे निम्मे माग महिनाभर उभे होते, विजेचा स्थिर आकार मात्र चालूच होता. चढताना आम्हाला बसते आणि उतरताना मिळत नाही. तुमच्या अंगणातील ओलाव्याची गोष्ट मला माहीत नव्हती.

कापडपेठ (इचलकरंजी)

या चर्चेत व्यापारी हा न बोलणारा खलनायक झाला आहे, म्हणून त्याची बाजू कोणीतरी मांडावी. मी कापडाचा व्यापार करतो आणि माझ्याकडे पंचवीस-तीस खर्चीवाले विणतात.

मजुरी उशिरा मिळते हे खरे आहे. पण मी कापड बाहेरगावच्या प्रक्रिया कारखान्यांना आणि पेढ्यांना उधारीवर देतो आणि तेथून पैसे ९० ते १२० दिवसांनी येतात. सूत मात्र मला रोखीने किंवा आठवड्याच्या उधारीवर घ्यावे लागते. ४५ दिवसांचा नियम मला खर्चीवाल्याच्या बाबतीत पाळावा लागतो, पण माझी स्वतःची नोंदणी किरकोळ व घाऊक व्यापार या गटात असल्याने माझ्या येण्याला तो नियम संरक्षण देत नाही. ती नोंदणी फक्त प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती आहे. म्हणजे साखळीतल्या एका कडीला मुदत घातली आणि पुढच्या कडीला मोकळे सोडले. मग काही व्यापारी उद्यम नोंदणी नसलेल्याकडेच बीम टाकतात. ते योग्य आहे असे मी म्हणत नाही. पण ते घडते, आणि आपण नोंदणी करण्यापूर्वी हेही ध्यानात घ्यावे.

मजुरीच्या दराबद्दल सांगायचे तर, शेजारी रॅपियर आणि एअरजेट या शटलविना चालणाऱ्या आधुनिक मागांचे कारखाने उभे राहिले आहेत आणि त्यांचे कापड निर्दोष निघते. साध्या मागाच्या कापडात दोष निघाला की ताग्यामागे कपात सोसावी लागते. सवलत मिळाली म्हणून मी अर्धा पैसा कमी केला नाही, समोरच्याने कापडाचा भाव पाडला म्हणून केला. खर्चीवाल्याला सवलत नसती तर कदाचित तो नाही म्हणाला असता आणि मला दुसरा शोधावा लागला असता, हे मात्र मान्य करतो.

हिशेबनीस (कोल्हापूर)

कापडपेठकरांनी शेवटचे वाक्य मोकळेपणाने लिहिले याबद्दल त्यांचे आभार. ही कबुली सहसा ऐकायला मिळत नाही. व्यापाऱ्याच्या येण्याला संरक्षण नाही हा मुद्दाही खरा आहे.

यावर एक मधला उपाय सुचवतो. खर्चीवाल्याने पहिल्या पंधरा दिवसांचा आग्रह न धरता व्यापाऱ्याशी ४५ दिवसांचा साधा लेखी करार करावा. एक पानाचा कागद पुरतो. त्यात पिकाचा दर, ताग्याच्या कपातीची कमाल मर्यादा आणि पैशांची मुदत एवढे लिहावे. दर लिहिलेला असला की महिन्याच्या मध्यावर अर्धा पैसा कापणे तितके सोपे राहत नाही. शिवाय चालू भांडवलासाठी बँकेत जाताना असा करार आणि उद्यम प्रमाणपत्र हातात असले तर तारणाशिवाय, पतहमी न्यासाच्या हमीवर कर्ज मिळण्याची शक्यता वाढते. कोविडच्या काळात मे २०२० मध्ये आलेल्या आपत्कालीन पतहमी योजनेतून ज्यांचे आधीच कर्ज चालू होते त्यांना शिल्लक कर्जाच्या २० टक्के जादा रक्कम मिळाली. ज्यांनी कधी बँकेचे तोंडच पाहिले नव्हते अशा खर्चीवाल्यांना त्यातून काही मिळाले नाही. ती योजना ३१ मार्च २०२३ ला संपली. पुन्हा तशी वेळ आली तर बँकेच्या वहीत आपले नाव आधीपासून असावे, एवढ्यासाठी तरी छोटे का होईना खाते चालू ठेवावे.

मागावरच्यांनी सुचवलेल्या अटीशी मी तत्त्वतः सहमत आहे, पण ती अट आणताना मालकाची ३.२५ टक्के वर्गणी पहिली दोन-तीन वर्षे सरकारने भरली नाही तर लोक सवलत सोडण्याऐवजी आणखी एक भिंत बांधतील.

मागावरचा (इचलकरंजी)

भिंत बांधतील हे खरे आहे. पण मीटर कोणाच्या नावावर आहे हे पाहण्याऐवजी छप्पर किती आहे हे पाहिले तर भिंतीचा उपयोग राहणार नाही. बिल घेऊन येणाऱ्या माणसाला ते दारातूनच दिसते.

खर्चीवाला (इचलकरंजी)

सर्वांचे आभार. काल उद्यम नोंदणी केली, अर्धा तास लागला, पैसे लागले नाहीत. बिलाचे नवीन पुस्तक छापायला टाकले आहे आणि त्यावर क्रमांक घातला आहे. कराराचा कागद मात्र दिवाळीच्या हिशेबाच्या वेळी पुढे करीन, कारण त्या दिवशी व्यापारी गादीवर निवांत बसलेला असतो आणि चहाही मागवतो.

एक शेवटचे विचारायचे राहिले. माझ्याकडे कांड्या भरणाऱ्या एक मावशी आहेत, वय ४३. त्यांना साठीनंतर महिना ३,००० रुपये देणाऱ्या श्रमयोगी पेन्शन योजनेत घालता येईल का? त्यांचा हप्ता भरायला मी तयार आहे.

हिशेबनीस (कोल्हापूर)

त्या योजनेत १८ ते ४० याच वयात नाव लागते, त्यामुळे मावशींना ती मिळणार नाही. त्यांचे बँक खाते असेल तर जीवन ज्योती विमा पन्नाशीपर्यंत घेता येतो, वर्षाला ४३६ रुपये. सुरक्षा विमा सत्तरीपर्यंत, वर्षाला २० रुपये. दोन्हींत २ लाखांचे संरक्षण आहे, पहिल्यात मृत्यूनंतर आणि दुसऱ्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वात. अटल पेन्शनचीही वयोमर्यादा ४० च आहे. म्हातारपणाच्या तरतुदीसाठी त्यांच्या नावाने टपाल कार्यालयात आवर्ती ठेव काढावी, तिला वयाची कमाल मर्यादा नाही. आणि त्या खात्यात वारसाचे नाव लावायला विसरू नये.